एकतीस मैलांची भाऊबंदकी

मँचेस्टरच्या ऑक्सफर्ड रोड स्टेशनावर लिव्हरपूलची गाडी पकडणारा रोजचा प्रवासी ओळखायचा असेल, तर बाकांकडे बघू नये. बाकावर बसलेला असतो तो पाहुणा. रोजचा गडी पुलाच्या जिन्याशी उभा असतो. एका हातात चहाचा कागदी पेला, दुसऱ्या हातात फोन, एक डोळा फळ्यावर आणि बुटाचं टोक पहिल्या पायरीला टेकलेलं. कारण फळ्यावरचा फलाट हा नुसता अंदाज असतो, वचन नव्हे. ऐन वेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली की सगळी गर्दी एकदम जिन्याकडे वळते. पळत मात्र कुणी नाही. इंग्रज माणूस पळत नाही, झपाझप चालतो, आणि चालताना ज्याच्या पायावर पाय पडेल त्याला 'सॉरी' म्हणतो. ज्याचा पाय चेंगरला तोही 'सॉरी' म्हणतो. या देवाणघेवाणीत दोघांची मिळून गाडी चुकते.

स्टेशनाचं छप्पर १९६० सालचं, लाकडी, मोठाले शिंपले पालथे घातल्यासारखं. देखणं आहे. पुढच्या गाडीची वाट बघताना ते बारकाईने न्याहाळायला सवड मिळते.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यात अंतर किती? रेल्वेने एकतीस मैल, म्हणजे उणेपुरे पन्नास किलोमीटर. आपल्याकडे कल्याणचा माणूस मुंबईत नोकरीला जाताना रोज सकाळी एवढं अंतर लोंबकळत कापतो आणि त्याला 'प्रवास' म्हणत नाही, 'जाणं' म्हणतो. इथे मात्र या पन्नास किलोमीटरांवर दोन शहरांनी दोनशे वर्षं अक्कल, पैसा आणि भाषणं खर्च केली आहेत. वेळापत्रक लावून उतारू वाहणारी, दोन शहरांना जोडणारी जगातली पहिली आगगाडी इथलीच. त्यानंतर मात्र या दोन शहरांनी एकमेकांवाचून कसं भागेल याचाच विचार जास्त केला, असं इतिहास चाळताना सारखं वाटत राहतं.

भांडणाच्या मुळाशी कापूस. लिव्हरपूल हे बंदर आणि मँचेस्टर ही गिरण्यांची नगरी. जहाजातून कापूस लिव्हरपूलला उतरायचा आणि कालव्यातल्या होड्यांतून मँचेस्टरला जायचा. कालवेवाल्यांची मक्तेदारी होती, त्यामुळे दर त्यांचे आणि वेळही त्यांचा. अमेरिकेहून समुद्र ओलांडायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ कधीकधी या एकतीस मैलांना लागतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. तक्रारीत व्यापारी मीठमसाला असणारच. पण या कापसाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लिव्हरपूलच्या बाजाराने मुंबईकडे तोंड वळवलं. भाव कडाडले, मुंबईत शेअरचं वेड पसरलं, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. खानदेश-वऱ्हाडातल्या बोंडांचं नशीब त्या काळात या दोन शहरांच्या दलालांकडे गहाण पडलेलं होतं.

तर कालव्याला शह म्हणून रेल्वे. काम जॉर्ज स्टीफन्सनकडे आलं. पण आगगाडी म्हटल्यावर जमीनदारांच्या अंगावर काटाच आला. मोजणीला आलेल्या माणसांना त्यांचे राखणदार पिटाळून लावत. त्यावर उपाय म्हणून मोजणीचं यंत्र वाहायला एक पेशेवर मुष्टियोद्धा ठेवला होता, असं सांगतात. यंत्राच्या अचूकतेपेक्षा ते उचलणाऱ्याचे दंड महत्त्वाचे, हा भूमापनशास्त्रातला लँकशायरी सिद्धांत. एवढं करून मोजणी चुकलीच. १८२५ मध्ये विधेयक संसदेच्या समितीपुढे गेलं तेव्हा वकिलांनी स्टीफन्सनची अक्षरशः सालटी काढली. रुळांवर गाय आडवी आली तर काय, असं कुणीसं विचारलं, तेव्हा आपल्या ठसकेदार गावरान उच्चारात तो म्हणाला म्हणे की गायीची मोठी पंचाईत होईल. सभागृह हसलं आणि विधेयक पडलं. पुढच्या वर्षी, दुसऱ्या मोजणीदारांना पुढे करून, ते मंजूर करून घ्यावं लागलं.

आणि वाटेत चॅट मॉस. ही मैलोन् मैल पसरलेली दलदल, वरून शेवाळ, आत चिखल. एका नामांकित इंजिनियराने साक्ष दिली की ती ओलांडायला २,७०,००० पौंड लागतील, आणि शुद्धीवरचा माणूस असल्या भानगडीत पडणार नाही. काम सुरू झालं. भराव टाकावा, तो गायब. पुन्हा टाकावा, पुन्हा गायब. आठवडेच्या आठवडे हा यज्ञ चालला आणि दलदल स्वाहा म्हणत राहिली. शेवटी झुडपांच्या काटक्यांच्या ताट्या विणून, त्यावर ताट्या रचून, एक तरंगता तराफाच तयार केला आणि रूळ त्यावर टाकले. खर्च आला सुमारे २८,००० पौंड. आजही गाड्या तिथूनच जातात. विजेवर चालणारी शेकडो टनांची गाडी जॉर्ज राजाच्या काळातल्या काटक्यांच्या आधाराने धावते आहे, हे खिडकीतल्या प्रवाशाला कुणी सांगत नाही. न सांगणंच बरं.

गाडी ओढायची कुणी, हा प्रश्न १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिल गावी जाहीर शर्यत लावून सोडवला. बक्षीस ५०० पौंड. पाच जण उतरले. त्यातल्या 'सायक्लोपेड' नावाच्या यंत्रात वाफबीफ काही नव्हती. आत एक घोडा होता, तो फिरत्या पट्ट्यावर चालायचा आणि चाकं फिरायची. भविष्यकाळाच्या स्पर्धेत भूतकाळाने वेषांतर करून नाव नोंदवलं होतं म्हणा ना. चालता चालता घोडा तळाच्या फळ्या मोडून खाली गेला. घोडं नेमकं कुठे अडलं, हे इतकं स्पष्टपणे सहसा दाखवता येत नाही. बाकीच्यांचे सिलिंडर, नळ्या, भाते वगैरे एकेक करून बिघडले आणि स्टीफन्सन बापलेकांचं 'रॉकेट' जिंकलं.

आता उद्घाटन. तारीख १५ सप्टेंबर १८३०. पंचांग मागे नेऊन पाहिलं तर हा ऐन पितृपंधरवडा निघतो, पण लिव्हरपूलच्या संचालक मंडळात हे सांगणारं कुणी नसावं.

प्रमुख पाहुणे पंतप्रधान, वॉटर्लूचे विजेते ड्यूक ऑफ वेलिंग्टन. एका रुळावर ड्यूकसाहेबांची सजवलेली गाडी, 'नॉर्थम्ब्रियन' इंजिन, चालवायला खुद्द स्टीफन्सन. शेजारच्या रुळावर एकामागोमाग सात गाड्या, म्हणजे सगळ्यांना ड्यूक दिसतील आणि ड्यूकना सगळे. मधल्या वाटेवर पार्कसाइडला इंजिनांना पाणी पाजायला थांबायचं होतं. छापील सूचना आधीच वाटलेली होती, की थांबल्यावर कृपया कुणी डब्याबाहेर पडू नये.

गाडी थांबली. पन्नासेक मंडळी डब्याबाहेर पडली.

ही कुणी ऐरीगैरी माणसं नव्हती. उमराव, खासदार, परदेशी राजदूत असे सगळे पाय मोकळे करायला रुळांवर उतरून गप्पा छाटू लागले. त्यात लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन होते. दोन वर्षांपूर्वी ड्यूकशी बिनसून त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. आजच्या मंगलप्रसंगी मनं जुळवावीत म्हणून ते ड्यूकच्या डब्यापाशी गेले. ड्यूकनी हात पुढे केला, हस्तांदोलन झालं. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून 'रॉकेट' येताना दिसलं. 'रॉकेट'ला ब्रेक नव्हता. जग बदलणाऱ्या त्या यंत्रात सगळं होतं, थांबायची सोय तेवढी राहून गेली होती. कुणी पलीकडे उडी मारली, ऑस्ट्रियाच्या राजदूतांना, प्रिन्स एस्टरहाझींना, धरून डब्यात ओढलं. हस्किसन तसे आधीपासूनच वेंधळे म्हणून प्रसिद्ध, शिवाय आजारातून नुकते उठलेले. ते पुढे झाले, मागे झाले, आणि शेवटी ड्यूकच्या डब्याच्या दाराला लटकले. दार बाहेर उघडलं आणि त्यांच्यासकट 'रॉकेट'च्या वाटेत गेलं.

पाय चिरडला. स्टीफन्सनने डबे सोडून 'नॉर्थम्ब्रियन'वरून त्यांना पुढच्या एक्लस गावाकडे नेलं. पंधराएक मैल पंचवीस मिनिटांत, तासाला छत्तीस मैलांच्या वेगाने. एक्लसच्या धर्मगुरूंच्या घरी हस्किसन रात्री नऊच्या सुमारास गेले. माणूस वाचला नाही, पण आगगाडी किती वेगाने जाऊ शकते ही बातमी सगळीकडे गेली. रेल्वेची एवढी भेदक जाहिरात संचालकांनी पैसे मोजूनही झाली नसती.

इतकं झाल्यावर ड्यूकना परत फिरायचं होतं. पण मँचेस्टरला गर्दी जमली आहे, गाडी आली नाही तर दंगल होईल, असं सांगण्यात आलं म्हणून निघाले. मँचेस्टरची गर्दी खरंच जमली होती, मात्र ओवाळायला नव्हे. ११ वर्षांपूर्वी, १८१९ मध्ये, याच शहरात पीटरलूच्या मैदानावर घोडेस्वारांनी सभेवर तलवारी चालवल्या होत्या, आणि मताधिकार वाढवायला ड्यूकचा कडवा विरोध होता. रुळांच्या कडेला उंचावर एक हातमाग मांडून त्यावर फाटक्या कपड्यांतला एक विणकर बसवला होता. घोषणाफलकांपेक्षा ते जास्त बोलत होतं. नेपोलियनला न घाबरलेले ड्यूक डब्यातून खाली उतरले नाहीत.

परतीच्या वेळी इंजिनं पाण्यासाठी गेली ती भलत्याच बाजूला अडकली. उरलेल्या तीन इंजिनांना चोवीस डबे दोराने बांधून अंधारात वरात निघाली. पुढे टेहळणीला गेलेलं इंजिन कुणीतरी रुळावर आडव्या टाकलेल्या एका हातगाड्यावर आदळलं. लिव्हरपूलला पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले होते.

जरा थांबून यादी करा. सूचना दिली होती, कुणी ऐकली नाही. रुळांवर माणसं. रुळांवर सामान. इंजिन चुकीच्या ठिकाणी. महत्त्वाच्या माणसामुळे सगळ्यांना उशीर. आज दोनशे वर्षांनी स्टेशनावर उशिराची जी जी कारणं ऐकू येतात, ती जवळजवळ सगळी पहिल्याच दिवशी पुरवून झाली होती. राहिली फक्त पानगळ. शरद ऋतूत पानं रुळांवर पडतात, चाकांखाली दबून त्यांचा तुळतुळीत थर बनतो, आणि गाडीचं ब्रेक लावणं म्हणजे शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीवर थांबण्यासारखं होतं. त्यासाठी पाण्याचे जोरदार फवारे मारत रूळ धुणाऱ्या खास गाड्या रात्रभर हिंडतात. परक्या माणसाला 'पानांमुळे गाडी रद्द' हे ऐकून हसू येतं. पहिल्या नोव्हेंबरात ते जातं.

जाता जाता, आपली मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी, चैत्राच्या शुद्ध पक्षात, सुटली. ३४ किलोमीटर, तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी, सत्तावन्न मिनिटं, आणि सगळे पाहुणे धडधाकट. बोध घ्यायचा त्याने घ्यावा.

इकडे मात्र अपघाताने कुणी बिचकलं नाही. दोनच दिवसांत नियमित गाड्या सुरू झाल्या आणि १८३१ या एका वर्षात चार लाखांहून जास्त उतारू बसले. घोडागाडीला चार तासांहून अधिक लागायचे, ते आता निम्म्यावर आले. आतल्या गादीवर सात शिलिंग, उघड्या डब्यात चार. चार शिलिंगात धूर आणि ठिणग्या फुकट.

एकमेकांच्या इतकं जवळ आल्यावर जे व्हायचं तेच झालं. लिव्हरपूलचे 'जंटलमन' आणि मँचेस्टरचे 'मेन' ही जुनी विभागणी. एकात आढ्यता, दुसऱ्यात त्याचा राग. लिव्हरपूल बंदरात माल उतरवायचे दर लावतं म्हणून मँचेस्टर चिडलं, आणि चिडून पत्र लिहिण्याऐवजी त्याने समुद्रच घरी आणायचं ठरवलं. छत्तीस मैलांचा जहाजांचा कालवा खणून १८९४ मध्ये महाराणी व्हिक्टोरियाच्या हस्ते उघडला. लिव्हरपूलच्या नाकासमोरून जहाजं थेट मँचेस्टरला जाऊ लागली, आणि समुद्रापासून इतक्या आत असलेलं हे शहर एकेकाळी ब्रिटनचं तिसऱ्या क्रमांकाचं बंदर झालं. शेजाऱ्याच्या नळाला पाणी मागायला नको म्हणून आख्खी नदी वळवणारी माणसं फार नसतात. गंमत म्हणजे मँचेस्टरच्या शहरचिन्हावर शिडाचं जहाज १८४२ पासूनच आहे. आधी चित्र, मग जहाज. तेच जहाज आज युनायटेड आणि सिटी, दोन्ही फुटबॉल क्लबांच्या बिल्ल्यांवर मिरवतं.

फुटबॉलचं तर विचारूच नका. १९६४ मध्ये फिल चिसनॉल हा खेळाडू मँचेस्टर युनायटेडकडून थेट लिव्हरपूलकडे गेला. त्यानंतर या दोन क्लबांत एकाही खेळाडूचा थेट व्यवहार झालेला नाही. सोयरीक बंद, पाणवठा वेगळा.

भाषाही वेगळी. पन्नास किलोमीटरांत उच्चार इतके बदलतात की मधल्या एखाद्या स्टेशनावर जकातनाका असावा. लिव्हरपूलचा माणूस, म्हणजे स्काउस, शब्दाच्या शेवटचा 'क' घशातून खरवडून काढतो, 'बॅक'चा 'बॅख' होतो. 'स्काउस' हे मूळचं खलाशांच्या एका रश्श्याचं नाव, तेच माणसांना चिकटलं. शाळेत इंग्रजी शिकून आलेल्या परक्याला मँचेस्टरमध्ये निम्मं कळतं आणि लिव्हरपूलला उतरल्यावर आपण शिकलो ती भाषा नक्की कोणती, हा प्रश्न पडतो.

बरं, रेल्वे नको तर रस्ता. १९३४ मध्ये पाचव्या जॉर्ज राजाने उद्घाटन केलेला ए-५८० आहे, त्याला सगळे 'ईस्ट लँक्स' म्हणतात. सरळसोट, आणि सिग्नलांनी भरलेला. त्यापेक्षा एम-६२ बरा, असं म्हणून माणूस लिव्हरपूलहून निघतो आणि पाहतो तर महामार्ग सुरू होतो तोच चार नंबरच्या चौकापासून. एक, दोन, तीन कुठे आहेत? कुठेच नाहीत. रस्ता शहराच्या पोटात न्यायचा बेत होता, तो रद्द झाला, चौक बांधलेच नाहीत, पण क्रमांक मात्र राखून ठेवलेले आहेत, बारशाआधीच नाव ठेवलेल्या बाळांसारखे. पुढे बर्टनवूडजवळ रस्ता दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या धावपट्टीच्या जागेवरून जातो. जिथून विमानं उडायची, तिथे शुक्रवारी संध्याकाळी मोटारी पहिल्या गियरमध्ये उभ्या असतात. मँचेस्टरला लागताच तो शहराला वळसा घालणाऱ्या एम-६० मध्ये मिसळतो आणि काही चौक दोन्ही मिळून संसार करतात. दोन रस्त्यांची गर्दी एका रस्त्यावर सुखाने नांदत नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मंडळी पुन्हा रेल्वेकडे येतात, आणि पुढारीही. पुढाऱ्यांना वेगवान रेल्वेचं वचन द्यायला मँचेस्टर फार आवडतं. १८३० चं मूळ स्टेशन आता विज्ञान व उद्योग संग्रहालयाच्या आवारात आहे. अर्थमंत्री असताना जॉर्ज ऑस्बर्न यांनी २०१४ मध्ये उत्तरेच्या शहरांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेची कल्पना मांडली ती याच संग्रहालयात. २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी नव्या मार्गाचा शब्द दिला तोही इथेच. मधल्या काळात, २०१७ मध्ये, शहरातली स्टेशनं जोडणारा 'ऑर्डसल कॉर्ड' हा नवा फाटा बांधताना या जुन्या स्टेशनाचा मुख्य मार्गाशी असलेला सांधा तोडला गेला. जोडणीच्या कामात जगातली पहिली जोडणी तुटली. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी लंडनहून येणाऱ्या अतिवेगवान रेल्वेचा मँचेस्टरपर्यंतचा टप्पा रद्द केल्याची घोषणा केली ती पक्षाच्या अधिवेशनात, मँचेस्टर सेंट्रलमध्ये. हे सभागृह म्हणजे १९६९ मध्ये बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. तिथून लिव्हरपूलच्या जलद गाड्या सुटायच्या, आणि पाऊण तासात पोहोचायच्या. आजच्या कित्येक गाड्यांनाही तेवढाच वेळ लागतो. परंपरा जपावी ती अशी.

प्रवाशाने मात्र यातून स्वतःपुरता जोडधंदा काढला आहे. गाडी पंधरा मिनिटं उशिरा आली की अनेक कंपन्यांच्या नियमाने एकेरी भाड्याचा चौथा हिस्सा परत मिळतो, अर्धा तास झाला की निम्मं भाडं, तास झाला की सगळं. त्यामुळे रेनहिलच्या अलीकडे अकरा मिनिटं उशीर झालेला असला की डब्यातली माणसं घड्याळाकडे आशेने बघू लागतात. बारा. तेरा. एज हिलच्या कातळातल्या खोल खाचेत गाडी रेंगाळते, चौदा होतात, कुणीतरी फोनवर अर्ज उघडूनही ठेवतो. आणि गाडी अचानक वेग घेऊन लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनात शिरते. वेळेच्या इतकं जवळ पोहोचल्याचं असं दुःख दुसऱ्या कुठल्या मार्गावर होत नसेल.

हे सगळं पाहायचं तर ऑक्सफर्ड रोडची वॉरिंग्टनमार्गे जाणारी गाडी सोडावी आणि व्हिक्टोरिया स्टेशनावरून १८३० च्या मूळ मार्गाने निघावं. एक्लस जातं. मग दोन्ही बाजूंना काळपट सपाट माळ लागतो, तेच चॅट मॉस. डबा किंचित मऊ डोलल्यासारखा वाटतो, किंवा आता माहिती झाल्यामुळे तसं वाटतं. समोरचा पोरगा कानात बोंडं घालून झोपलेला, शेजारची बाई सँडविचची त्रिकोणी पेटी उघडते आहे. ध्वनिवर्धक २०१६ पासून दर गाडीत ऐकवतो ते सुरक्षेचं पालुपद, 'सी इट, से इट, सॉर्टेड', म्हणून मोकळा होतो. मग रुळांच्या अगदी कडेला एक दगडी स्मारक येतं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत जातं. पार्कसाइड. हस्किसनसाहेब.

त्याच सुमारास ध्वनिवर्धक पुन्हा बोलू लागतो, पुढचं स्टेशन न्यूटन-ले-विलोज, उतरताना सांभाळा, गाडी आणि फलाट यांमधल्या फटीकडे लक्ष असू द्या. डब्यातले दहाबारा जण गाडी चालू असतानाच उठून दाराशी जाऊन उभे राहिलेले असतात.